बोहाडा : उन्हाळ्यातले रस्त्यावरचे नाटक



नाटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मंडप येतो. पडदा येतो. खुर्च्या येतात. दारात तिकीट फाडणारा माणूस येतो. पण यातले काही एक नसले तरी नाटक होते. ते गावाच्या रस्त्यावर होते. वर आभाळ, खाली माती आणि दोन्ही बाजूंना बसलेली माणसे. बस, झाले नाट्यगृह!

असे नाटक आपल्या पालघर जिल्ह्यात दर उन्हाळ्यात होते. त्याला बोहाडा म्हणतात. कोणी भोवाडा म्हणतात, कोणी भवाडा म्हणतात. नाव थोडे बदलते, खेळ तोच.

आम्ही वटारची माणसे समुद्राकाठची. केळी, पानवेली, फुले, भाजीपाला यांत आमचा दिवस जातो. जत्रा म्हटली की आम्हांला कार्तिकातली निर्मळची जत्रा आठवते. जव्हार-मोखाड्याचे डोंगर आमच्याच जिल्ह्यात आहेत. तरी तिथे उन्हाळ्यातल्या रात्री काय चालते, हे आमच्या बाजूच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. म्हणून हा पाठ लिहिला आहे. डोंगरातल्या वाचकांनी तो वाचावा आणि आमचे कुठे कमी पडले ते आपल्या अनुभवाने भरून काढावे.

बोहाडा कुठे होतो?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. जिल्ह्याच्या पूर्वेला जव्हार आणि मोखाडा हे डोंगरी तालुके आहेत. जव्हारला पूर्वी मुकणे घराण्याचे राज्य होते. हे राजे महादेव कोळी समाजाचे. १९४८ साली हे संस्थान मुंबई राज्यात सामील झाले.

पालघरहून एसटीने निघाले की मनोर लागते, मग विक्रमगड, मग घाट चढून जव्हार. पुढे मोखाडा. मोखाड्याला जगदंबा देवीच्या उत्सवात बोहाडा होतो. आजूबाजूच्या कित्येक गावांतही होतो. तिथून पुढे नाशिक जिल्ह्यात शिरले की त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांतही हा खेळ आहे. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकूर असे अनेक समाज यात भाग घेतात. गावातल्या बाकीच्या जातींची माणसेही यात असतात. कारण बोहाडा एका जातीचा नसतो, गावाचा असतो.

उन्हाळाच का?

होळी झाली की बोहाड्याचे दिवस येतात. चैत्र-वैशाखात आज या गावी, उद्या त्या गावी असे चालते. पाऊस पडेपर्यंत हा हंगाम असतो.

उन्हाळा निवडण्यात मोठे शहाणपण आहे. पहिली गोष्ट, शेतात काम नसते. भात आणि नागली घरात येऊन कधीच झालेली असते. दुसरी गोष्ट, पोटासाठी बाहेरगावी गेलेली माणसे होळीला घरी येतात. माणसे असली तर नाटक! तिसरी गोष्ट, मुखवटे कागदाचे असतात. पावसात भिजले तर त्यांचा लगदा होईल. वाद्यांची कातडी पावसाळी हवेत ढिली पडते आणि आवाज बसतो. कोरड्या हवेत तीच वाद्ये खणखणीत बोलतात. चौथी गोष्ट, दिवसा ऊन रणरणते पण डोंगरातली रात्र गार असते. म्हणून खेळ रात्री सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो.

कुठे एक रात्र, कुठे तीन, कुठे सात. गावाच्या ऐपतीप्रमाणे रात्री ठरतात.

रस्त्याचे नाट्यगृह होते

गावात देवीचे देऊळ असते. देवळासमोरून रस्ता जातो. त्या दिवशी रस्ता झाडतात, पाणी शिंपडतात. संध्याकाळपासून बायका मुलांना घेऊन येतात आणि कडेला गोधडी अंथरून जागा धरतात. चहाची, भज्यांची, खेळण्यांची दुकाने लागतात. माहेरवाशिणी येतात. पाहुण्यांनी घरे भरतात.

रस्त्याच्या एका टोकाला आडोसा असतो. तिथे सोंगे सजतात. सोंग म्हणजे देवाचे किंवा राक्षसाचे रूप घेतलेला माणूस. तो आडोशातून बाहेर येतो, वाजंत्र्यांच्या तालावर नाचत नाचत रस्त्याने पुढे जातो, देवीपुढे येतो आणि पुन्हा मागे वळतो. एक सोंग गेले की दुसरे येते. बघणारा जागच्या जागी बसतो आणि नाटक त्याच्यापुढून चालत जाते. मागे बसलेल्यालाही दिसते, पुढे बसलेल्यालाही दिसते. इथे पहिल्या रांगेचे तिकीट नाही की शेवटच्या रांगेची कुचंबणा नाही.

उजेडासाठी पूर्वी मशाली आणि टेंभे असत. मग गॅसबत्त्या आल्या. आता विजेचे दिवे असतात. तरी पुष्कळ ठिकाणी सोंगापुढे मशाल धरतातच. त्याचे कारण पुढे येईल.

कोणकोणती सोंगे येतात?

पहिला मान गणपतीचा. मग शारदा येते, म्हणजे विद्येची देवी सरस्वती. तुम्ही-आम्ही पाटीवर पहिले अक्षर काढतो तेव्हा जिला नमस्कार करतो, तीच ही. अक्षर न शिकलेल्या माणसांनीही पिढ्यान्‌पिढ्या तिला दुसरा मान दिला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतर रामायण, महाभारत आणि पुराणांतली मंडळी येतात. राम-लक्ष्मण येतात, मारुती येतो. दहा तोंडांचा रावण येतो. भीम आणि बकासुर येतात. नरसिंह येतो. खंडेराव येतो. वेताळ येतो तेव्हा पेंगलेली पोरे दचकून जागी होतात आणि आईच्या पदराआड जातात. मध्येच हसवणारी सोंगेही येतात. सगळी रात्र भीतीची आणि भक्तीची असून कसे चालेल? माणसाला हसूही लागते. बायकांची सोंगेसुद्धा परंपरेने पुरुषच घेतात.

बोलणे यात थोडे. कथा सगळ्यांना ठाऊकच असते. सोंगाची चाल, हाताची फेक, पायाचा ठेका आणि वाद्याचा ताल हीच इथली भाषा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ही भाषा वाचता येते.

मुखवटा

बोहाड्याचा जीव मुखवट्यात आहे. जुने मुखवटे लाकडाचे असत. हलके लाकूड घेऊन ते आतून कोरत, बाहेरून तासत आणि रंगवत. पुढे कागदाचे मुखवटे आले. कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात खळ मिसळायची आणि तो लगदा साच्यावर थापायचा. उन्हात वाळला की साचा काढायचा आणि रंग द्यायचा. जव्हारजवळचे रामखिंड हे गाव अशा मुखवट्यांसाठी प्रसिद्ध आहे.

मुखवटा घालून नाचणे सोपे नाही. हे घरी करून पाहता येईल. पुठ्ठ्याला दोन बारीक भोके पाडा, तो तोंडापुढे धरा आणि अंगणात चार पावले नाचा. बाजूचे काही दिसत नाही. पायाखालचा दगड दिसत नाही. श्वास कोंडतो, घाम डोळ्यांत उतरतो. बोहाड्याचा मुखवटा तर चांगला मोठा असतो, रावणाचा तर फारच रुंद. तो कापडाने डोक्याला घट्ट बांधावा लागतो. म्हणून सोंगाबरोबर दुसरी माणसे चालतात. कोणी पुढे मशाल धरतो, कोणी मागून तोल सांभाळतो. सोंगाला वाट दिसावी म्हणून मशाल हवी. टाळ्या एकाला मिळतात, पण नाचतात तिघे-चौघे.

मुखवटा हे नुसते खेळणे नव्हे. तो घरात जपून ठेवतात. बाहेर काढताना त्याची पूजा करतात. तोंडावर मुखवटा चढला की आतला माणूस संपला आणि देव सुरू झाला, अशी लोकांची भावना असते. दिवसा जो मजुरी करतो, त्याच्याच पायांवर रात्री सारे गाव डोके ठेवते. वर्षातून एक रात्र का होईना, गरिबातल्या गरीब माणसाला हा मान मिळतो. बोहाड्याची ही बाजू मला सर्वांत मोठी वाटते.

संबळ आणि सनई

संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन लहान नगाऱ्यांसारखी वाद्ये. ती कमरेला अडकवून काठ्यांनी वाजवतात. एक काठी टोकाला वाकडी असते. संबळाबरोबर सनई असते. प्रत्येक सोंगाची चाल निराळी आणि तिचा ठेकाही निराळा. गणपती डुलत येतो, राक्षस आदळत येतो. जाणता माणूस घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगतो, की आता नरसिंह निघाला.

हे ठेके कोणत्याही पुस्तकात नाहीत. बापाने वाजवले, लेकाने ऐकले आणि उचलले. शाळेत चार ओळींची कविता पाठ होत नाही म्हणून रडणारा मुलगा गावच्या सगळ्या सोंगांचा क्रम न चुकता सांगतो. मास्तरकी करताना मी हे पाहिले आहे. मुलगा ढ नसतो. त्याची शाळा निराळी असते.

शेवटची पहाट

शेवटच्या रात्री गर्दी वाढते. तांबडे फुटायच्या सुमारास जगदंबेचे सोंग निघते. समोर महिषासुर, म्हणजे रेड्याच्या रूपातला राक्षस. दोघांची लढाई होते. संबळाचा ताल चढत जातो. शेवटी राक्षस पडतो आणि लोक देवीचा जयजयकार करतात. बायका आरतीची ताटे घेऊन पुढे येतात. कोणी नवस फेडते, कोणी बोलते. उजाडते, रस्ता पुन्हा रस्ता होतो आणि माणसे घरी जातात.

सोंग कोणाचे?

गावात पुष्कळ सोंगे घराण्याकडे चालत आलेली असतात. अमुक घरचा गणपती, तमुक घरचा भीम. आजोबांनी नाचवले, बापाने नाचवले, आता मुलगा नाचवतो. ज्याच्याकडे सोंग नाही त्याच्याकडे दुसरे काम असते. कोणी वाजंत्री, कोणी मशाल धरणारा, कोणी मुखवटे रंगवणारा, कोणी रस्ता झाडणारा. खर्चासाठी घरटी वर्गणी निघते.

म्हणजे इथे करणारे निराळे आणि बघणारे निराळे असे नसते. बघायला बसलेल्यांत यांचा भाऊ असतो, त्यांची सून असते. कामाची वाटणी पक्की असल्यामुळे एवढा मोठा उत्सव पार पडतो. पण यातच एक नाजूक जागा आहे. एका घरचा माणूस आला नाही, तर त्याचे सोंग कोणी करायचे?

हा प्रश्न आज खरोखरच उभा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी जरा दूरवर नजर टाकू. रस्त्यावरच्या कलेला जगात किती मान आहे, हे कळले म्हणजे आपले काय जाते आहे तेही कळेल.

मुंबईत आणि विलायतेत

मुंबईच्या कोट भागात काळा घोडा नावाचा चौक आहे. तिथे इंग्रज राजाचा घोड्यावर बसलेला काळा पुतळा होता. १९६५ साली तो तिथून हलवला, पण नाव राहिले. या भागात १९९९ पासून कलामहोत्सव भरतो. नऊ दिवस तो चालतो. रस्ता गाड्यांना बंद करतात आणि तिथे चित्रे, नाच, गाणी, पथनाट्ये होतात. लाखो लोक येतात.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. एडिंबरो ही त्याची राजधानी. १९४७ साली ऑगस्ट महिन्यात, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच महिन्यात, तिथे एक मोठा कलामहोत्सव सुरू झाला. नुकतेच मोठे युद्ध संपले होते. माणसांची मने पोळली होती. कलेने ती पुन्हा जवळ यावीत असा हेतू होता. बड्या मंडळींना बोलावणी गेली. पण आठ नाटक मंडळ्या बोलावल्यावाचूनच आल्या. त्यांनी मिळेल त्या जागी आपले खेळ केले. ती प्रथाच पडली. आज त्या बिनबोलावलेल्या कलावंतांचा उत्सव मूळ उत्सवापेक्षा मोठा झाला आहे. उन्हाळ्यात शहराच्या मधल्या रस्त्यावर नट, गवई, जादूगार, कसरतवाले उभे राहतात. खेळ झाला की टोपी फिरवतात आणि लोक तीत पैसे टाकतात. आपल्याकडे डोंबारी थाळी फिरवतो, तसेच ते. जगभरचे लोक पैसा खर्चून ते पाहायला जातात.

एडिंबरोचा हा उत्सव १९४७ सालचा, मुंबईचा १९९९ सालचा. मोखाड्याचा बोहाडा कोणत्या साली सुरू झाला हे सांगणारा कागद गावात मिळायचा नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तेव्हा रस्त्यावर नाचणे हे मागासलेल्यांचे काम आहे, असे कोणी म्हणाले तर त्याचे ऐकून खाली मान घालू नये.

सोंग आणि वीटभट्टी

आता त्या प्रश्नाकडे येऊ. जव्हार-मोखाड्याला पाऊस भरपूर, पण जमीन डोंगरउताराची. पाणी वाहून जाते. भात आणि नागली यांवर वर्ष निघत नाही. म्हणून दिवाळीनंतर घरेच्या घरे कामाला बाहेर पडतात. वीटभट्ट्यांवर, बांधकामावर, वाड्यांमध्ये. भिवंडी, कल्याण, ठाणे आणि आमची वसई, इथे ही माणसे येतात. मुले बरोबर येतात आणि शाळा मागे राहते.

वीटभट्टीवर बरेचदा आधी उचल दिलेली असते. उचल म्हणजे आगाऊ पैसे. ते फिटेपर्यंत मालक सुट्टी द्यायला कुरकुरतो. मग गावी बोहाडा ठरतो, वर्गणी जमते, मुखवटा भिंतीवरून उतरतो, आणि तो घालणारा मात्र विटा थापत असतो. एखादे वर्ष शेजारी ते सोंग नाचवतो. दुसऱ्या वर्षी त्यालाही जमत नाही. तिसऱ्या वर्षी ते सोंग निघतच नाही. मुलाने बापाला नाचताना पाहिलेच नसेल, तर तो कुठून शिकणार? कागद गळतो, रंग उडतो. एखादा जुना लाकडी मुखवटा कोणी थोड्या पैशांत विकून टाकतो आणि तो शहरात दिवाणखान्याची शोभा होतो. नवा मुखवटा करून विकणे हा चांगला धंदा आहे, त्यात दोन पैसे मिळतात. पण घराण्याचा मुखवटा विकला की त्याबरोबर घराण्याचा मानही जातो.

यात आम्हां वसईकरांनाही काम आहे. आपल्या वाडीत, बांधकामावर किंवा भट्टीवर डोंगरातले मजूर असतील, तर त्यांच्या गावचा बोहाडा केव्हा आहे ते विचारावे. त्या चार दिवसांची सुट्टी आणि झाल्या कामाची मजुरी आनंदाने द्यावी. मजुरांनीही एक गोष्ट जाणून असावी. उचलीच्या पैशांसाठी माणसाला अडकवून ठेवणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे. असे कोणी करत असेल तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे तक्रार करता येते.

एक वही करा

आणि आता तुमच्यासाठी काम. तुम्ही वाचायला-लिहायला शिकलात. सही करता येते, एसटीची पाटी वाचता येते, हे चांगलेच. पण अक्षराचा याहून मोठा उपयोग आहे. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात जे आहे ते कागदावर उतरवता येते. माणूस जातो, कागद राहतो.

दोन पैशांची वही घ्या. तिच्या पहिल्या पानावर गावाचे नाव आणि साल लिहा. मग गावातल्या जाणत्या माणसाजवळ बसा आणि या गोष्टी लिहून घ्या :

१. आपल्या गावी कोणकोणती सोंगे निघतात आणि कोणत्या क्रमाने?
२. कोणते सोंग कोणत्या घराकडे आहे? आधी कोण नाचवत असे?
३. मुखवटा कशाचा आहे? कोणी आणि केव्हा केला? रंग कोणते?
४. त्या सोंगाची चाल कशी? संबळाचा ठेका कसा? ठेक्याचे बोल जसे ऐकू येतील तसे लिहा.
५. कोणती सोंगे बंद पडली? का बंद पडली?

अक्षर वेडेवाकडे आले तरी हरकत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी देवी रागावणार नाही. दुसऱ्या वहीत वर्गणीचा जमाखर्च लिहा आणि तो उत्सवानंतर सर्वांपुढे वाचून दाखवा. पैशाचा हिशेब उघडा असला की वर्गणी देताना माणूस हात आखडत नाही.

आमच्या समुद्राकाठच्या गावांत बोहाडा नाही. पण लग्नातली गाणी आहेत, वाद्ये आहेत, आमच्या सामवेदी बोलीतल्या गोष्टी आणि म्हणी आहेत. त्यांनाही वही हवीच आहे.

वहीने बोहाडा वाचेल का? एकट्या वहीने वाचणार नाही. नाचणारे पाय लागतील, वाजवणारे हात लागतील, रस्त्याच्या कडेला रात्रभर बसणारी माणसे लागतील. पण एखादे सोंग चार वर्षे बंद पडले आणि पाचव्या वर्षी एखादा मुलगा म्हणाला, मला माझ्या आजोबांचा भीम नाचवायचा आहे, तर त्याला कुठून सुरुवात करायची ते त्या वहीत सापडेल.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

१. बोहाडा उन्हाळ्यातच का होतो? पाठात दिलेली कारणे सांगा. आणखी एखादे सुचते का?
२. सोंगाबरोबर दुसरी माणसे का चालतात?
३. सोंग बंद कसे पडते, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. आपल्या गावात रस्त्यावर किंवा अंगणात होणारी कोणती कला आहे? ती पूर्ण जाणणारी किती माणसे आज हयात आहेत? त्यांच्यापैकी कोणाकडे या आठवड्यात वही घेऊन जाल?